एकशे बारा ओळी आणि बाईंचा एक तास

पाटणकरांचा फोन आला तेव्हा कार्यक्रमाला अकरा दिवस राहिले होते आणि माझा तक्ता पूर्ण झाला होता. एकशे बारा ओळी. प्रत्येक ओळीत एक काम, ते कोणी करायचं, कधी सुरू करायचं, कधी संपवायचं. चौऱ्याहत्तराव्या ओळीत लिहिलं होतं: 'सत्कारमूर्तींचे आगमन, सकाळी साडेदहा.'

"मॅडम, डॉक्टर नक्की सांगत नाहीयेत," पाटणकर म्हणाले. "बाईंना हॉलवर आणता येईल की नाही, ते त्या दिवशीच सांगू म्हणतात."

"मग तारीख बदलायची?"

"कशी बदलणार? निम्मे लोक तिकिटं काढून बसलेत. दोघं तर मेलबर्नहून येतायत."

फोन ठेवून मी चौऱ्याहत्तराव्या ओळीकडे बघत बसले. खालच्या अडतीस ओळी तिच्यावर उभ्या होत्या.

ओजस, मीरा, गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मीराने विचारलं होतं, "आजी, तुमच्या इव्हेंट कंपनीत वॉटरफॉल चालतं की अजाईल?" मी "दोन्ही" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर लांब आहे, म्हणून लिहून पाठवते.

तुम्हाला माहीत आहे, निवृत्त होईपर्यंत मी ठाण्यातल्या एका इंजिनीअरिंग कंपनीत शटडाउन प्लॅनिंग केलं. शटडाउन म्हणजे चालू कारखाना ठरवून काही दिवस बंद करायचा, दुरुस्त्या उरकायच्या आणि ठरलेल्या तासाला पुन्हा सुरू करायचा. तिथे एक काम संपल्याशिवाय पुढचं हाती घेता येत नाही. सगळं आधी ठरवायचं आणि ठरल्याप्रमाणे वरून खाली उतरत जायचं. यालाच तुम्ही वॉटरफॉल म्हणता. अजाईलमध्ये थोडं ठरवायचं, थोडं करायचं, काय झालं ते बघायचं आणि मग पुढचं ठरवायचं. माझ्या वेळी असं काम करणाऱ्याला मेमो मिळत असे.

आता मी आठवड्यातून तीन दिवस मृण्मयीच्या ऑफिसात जाते. तिची आई माझ्याच सेक्शनला होती, म्हणून ती मला मावशी म्हणते. माजिवड्याला दोन खोल्यांचं ऑफिस आहे, बाळकुमहून रिक्षाने दहा मिनिटं. मृण्मयी माणसं सांभाळते, मी तक्ते सांभाळते.

हे काम डोंबिवलीच्या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं होतं; पाटणकर त्यांच्यातलेच, पुढाकार घेणारे. गद्रे बाईंनी त्यांना गणित शिकवलं होतं. बाई आता एक्याण्णव वर्षांच्या. दीडशेच्या आसपास मुलं जमणार होती. मुलं म्हणजे पन्नाशी-साठीची. त्यांना बाईंना धन्यवाद म्हणायचं होतं. हे आधीच व्हायला हवं होतं, असं प्रत्येक जण म्हणत होता. आणि आता तेही होईल की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हतं.

"मावशी, बाईंचा व्हिडिओ शूट करून स्क्रीनवर लावूया का?" मृण्मयी म्हणाली.

"बाई जिवंत असताना?"

"अगं, तसा नाही गं. म्हणजे बॅकअप म्हणून."

"मला आधी सांग, बाईंशी बोललं कोण?"

"पाटणकर सर."

पाटणकरांना फोन लावला. ते म्हणाले, "मी बाईंच्या मुलाशी बोललो." मुलगा म्हणाला, "आईला कशाला त्रास, म्हणून मीच हो म्हटलं." तीन महिने तयारी चालली होती आणि बाईंना कोणी काही विचारलंच नव्हतं. आपल्याकडे आदराची ही एक तऱ्हा आहे: ज्याचा मान करायचा, त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारायचं. मला हसायला जागा नव्हती. मीही बाईंना एका ओळीत बसवलं होतं, पण भेटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डोंबिवलीला गेलो. जुनी तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, बाई सगळ्यात वर. सून वैशालीने दार उघडलं.

"चारलाच या म्हटलं, कारण चार ते पाच आई छान असतात," ती म्हणाली. "सकाळी औषधांची गुंगी असते. आणि त्यांना ऐकू येत नाही बरं का. पाटीवर लिहा."

बाई गॅलरीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. मी वैशालीने दिलेल्या पांढऱ्या पाटीवर आम्ही कोण ते लिहिलं आणि तक्ता त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून पाचही पानं वाचली. बोट प्रत्येक ओळीखालून फिरत होतं.

"हे कोणी केलं?"

मी हात वर केला. अगदी वर्गातल्यासारखा.

"स्वच्छ केलंय. पण या उदाहरणात 'जर' आहे, आणि तुम्ही नुसतं 'तर' सोडवलंय. मी आले नाही तर काय, ते कुठे आहे?"

मी पानं उलटल्यासारखं केलं. कुठेच नव्हतं.

मग त्यांनी कार्यक्रमपत्रिका वाचली. "प्रास्ताविक. स्वागतगीत. परिचय. पाच मनोगतं. मानपत्र वाचन. अध्यक्षीय भाषण. आणि एवढं झाल्यावर सत्कार. म्हणजे सव्वादोन तास मी शोभेला बसायचं. वैशाली, मला ऐकू येत नाही हे त्या पाटणकरला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं आई. ते म्हणाले, मोठा स्पीकर लावू."

बाई हसायला लागल्या. मी पाटीवर लिहिलं, 'तुम्हाला काय आवडेल?'

"मला शाल नको, नारळ नको. मला मुलं बघायची आहेत. मोतीबिंदू काढल्यापासून लांबचं लख्ख दिसतं. समोरच्या बिल्डिंगीतल्या बाईने आज काय वाळत घातलंय ते सांगू?" त्यांनी खरंच सांगितलं. दोन परकर आणि एक बनियन.

मी उठून गॅलरीत गेले आणि खाली पाहिलं. कंपाउंडमध्ये गाड्या उभ्या होत्या. त्या हलवल्या, तर शाळेची प्रार्थना भरेल एवढी जागा होती.

परतीच्या टॅक्सीत मी मृण्मयीला माझं म्हणणं सांगितलं. आपल्या हातात दोन प्रकारच्या गोष्टी आहेत. काही खिळ्याने ठोकलेल्या: रविवार, हॉल, जेवण आणि बाईंचे चार ते पाच. बाकीच्या सैल. मी सैल गोष्टींनाही खिळे ठोकले, ही माझी चूक. आता सैल गोष्टींच्या दोन्ही तयाऱ्या ठेवायच्या. बाईंना बरं असेल, तर रुग्णवाहिका, उचलायची खुर्ची, चार माणसं, आणि त्यांना चारला हॉलवर आणायचं. नसेल, तर हॉलवरून सगळ्यांनी बसने त्यांच्या कंपाउंडमध्ये जायचं.

"आणि कोणतं ते ठरवायचं कधी?"

"रविवारी दुपारी दोनला. वैशाली ठरवेल. तिचा एक फोन येईल. त्याआधी कोणी ठरवायचं नाही, अंदाजही करायचा नाही."

"मावशी, तू हे बोलतेयस?"

"मलाही कठीणच जातंय."

पाटणकर माजिवड्याच्या ऑफिसात आले, ते छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊनच.

"मॅडम, यात वेळा छापल्यात. प्रमुख पाहुण्यांचं नाव छापलंय. त्यांना काय मी पार्किंगमध्ये उभं करू?"

"त्यांना सकाळी हॉलवर बसवा. भाषणं करा, जेवण करा. चारचा कार्यक्रम बाईंचा."

"सकाळी सत्कारमूर्तींशिवाय सत्कार?"

"पाटणकर, त्यांना ऐकू येत नाही. तुमचं भाषण त्यांच्यापर्यंत तसंही पोचणार नव्हतं."

मृण्मयीला खोकला आला. क्लायंटशी असं बोलायचं नसतं, हे मलाही कळत होतं.

पाटणकर गठ्ठ्यावर हात ठेवून बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या भाषणाला मी तीन आठवडे घेतलेत. दहावीला मी गणितात नापासच होणार होतो. क्लास लावायची ऐपत नव्हती. बाईंनी वर्षभर पहाटे सहाला घरी बोलावून शिकवलं. मला ते त्यांना सांगायचंय. आजवर सांगितलेलं नाही."

त्यांनी गठ्ठा बाजूला सारला. मग तेच म्हणाले, "लांबचं दिसतं म्हणालात ना? मग प्रत्येकाने नाव लिहून धरलं तर? मोठ्या पुठ्ठ्यावर?"

ती युक्ती आमची नव्हती, पाटणकरांची होती. मी तिथल्या तिथे ती तक्त्यात घातली.

त्यानंतर एक दिवसाआड संध्याकाळी पंधरा मिनिटांचा कॉल ठेवला. तीनच प्रश्न. काय पक्कं झालं? काय बदललं? आणि आज काय ठरवायचं नाही? तिसरा प्रश्न विचारायला मला सगळ्यात जड जायचं. सोसायटीचे सेक्रेटरी आधी नाही म्हणाले, दुसऱ्या कॉलपर्यंत हो म्हणाले. त्यांची बहीण बाईंची विद्यार्थिनी निघाली. पुठ्ठ्यावरचं अक्षर केवढं हवं ते वैशालीने गॅलरीतून बघून सांगितलं: आधी वीतभर, मग "अजून थोडं मोठं". दर कॉलच्या शेवटी पाटणकर विचारायचे, "पण मॅडम, साधारण काय वाटतं?" मी म्हणायचे, "रविवारी दोन वाजता."

रविवारी सकाळी भाषणं झाली. प्रमुख पाहुणे वेळेवर आले, वेळेवर गेले. दोनला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"काकू, आईंना जिन्यावरून खाली आणता येणार नाही," वैशाली म्हणाली. "गॅलरीत तरी येतील की नाही, तेही सांगता येत नाही. सकाळपासून झोपून आहेत."

मी मृण्मयीला मान हलवून खूण केली. तिने रुग्णवाहिका नको म्हणून कळवलं आणि बस बोलावल्या. पाच मिनिटांत दीडशे माणसं हलली. कोणी विचारलं नाही, "आता काय?" सगळ्यांना माहीत होतं.

चार वाजता ती सगळी कंपाउंडमध्ये ओळींत उभी होती, बॅचप्रमाणे. पाटणकर यजमान म्हणून सगळ्यात मागे. हातात नावांचे पुठ्ठे. वर गॅलरीचं दार बंद.

सव्वाचार झाले. मेलबर्नच्या एका गृहस्थांनी पुठ्ठा खाली ठेवला आणि डोळे पुसले. मृण्मयीने माझा दंड धरला. "मावशी, नाही आल्या तर?" याचं उत्तर माझ्या कुठल्याच ओळीत नव्हतं. मी देवाचं नाव घेतलं. ही प्लॅनिंगची पद्धत नव्हे, पण घेतलं.

चार वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं. वैशाली आणि तिच्या नवऱ्याने बाईंची खुर्ची कठड्याजवळ आणली. बाईंनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वैशालीने त्यांच्या तोंडाजवळ माइक धरला.

"तिसरी ओळ वाकडी आहे."

दीडशे माणसं हसली आणि लगेच सरळ झाली. एका बाईने तर पुढचीच्या खांद्यावर हात ठेवून अंतर घेतलं. मग बाई पुठ्ठे वाचू लागल्या. पहिल्या ओळीपासून, एकेक नाव. ज्याचं नाव येई तो म्हणे, "हजर!" बाईंना ते ऐकू येत नव्हतं, म्हणून प्रत्येक जण हातही वर करत होता. मध्येच एखाद्या नावापाशी त्या थांबायच्या. "तू भूमितीच्या वहीत विमानं काढायचास." "तुझी आई कशी आहे गं?"

एकेचाळीस नावं झाली आणि त्यांचा आवाज बसला. वैशालीने माइक काढायला हात पुढे केला. बाईंनी तो धरून ठेवला.

"बाकीचे उद्या," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मृण्मयी माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, उद्याचं काहीच बुकिंग नाहीये."

"कशाचं लागतंय?"

सोमवारी चारला पन्नासेक जण पुठ्ठे घेऊन आले. कोणी रजा वाढवली होती, कोणी तिकीट पुढे ढकललं होतं. ज्यांना थांबता येणार नव्हतं ते ओळीत पुढे उभे राहिले. हे त्यांनी आपापसात ठरवलं, मला विचारलंही नाही. मंगळवारी आणखी काही जण आले. बुधवारी पाटणकरांचा नंबर लागला.

त्यांच्या पुठ्ठ्यावरचं नाव बाईंनी वाचलं. "तुला रविवारीच पाहिला होता. मागे उभं राहायची सवय अजून आहे." तेव्हा पाटणकरांनी पुठ्ठा उलटा केला. तीन आठवड्यांच्या भाषणातलं एकच वाक्य मागे लिहिलं होतं: 'बाई, पहाटे सहाला दार उघडत होतात.'

बाईंनी ते वाचलं. माइक बाजूला केला. मग पुन्हा जवळ घेतला.

"वर ये. चहा घेऊन जा."

पाटणकर जिना चढून गेले. मी आणि मृण्मयी खाली उभ्या होतो. मी बाईंची विद्यार्थिनी नव्हे, पण त्या आठवड्यात मी माझ्या हयातीतला एक मोठा धडा शिकले, आणि ज्यांनी तो शिकवला त्या अजून आहेत. महिन्यातून एकदा मी डोंबिवलीला जाते. चार ते पाच.

तर मीरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जे हलणार नाही ते जुन्या पद्धतीने पक्कं करावं. जे हलणारच आहे ते कधी ठरवायचं, तेवढंच ठरवून ठेवावं. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. पण तीन महिने कोणतीही वापरली असती, तरी आमचा कार्यक्रम फसलाच असता, कारण ज्यांना विचारायचं होतं त्यांनाच विचारलं नव्हतं.

आता माझ्या प्रत्येक तक्त्याची पहिली ओळ ठरलेली असते: 'ज्यांच्यासाठी आहे त्यांना भेटून विचारले का?' मृण्मयी म्हणाली, ही ऑफिसच्या फॉर्मातच छापून टाकू. टाकली. गद्रे बाईंच्या फाइलमधल्या मूळ तक्त्यातही मी ती वर पेनने लिहिली आहे. एकशे तेरा झाल्या.