माझ्या रक्तात तिसरा कोण?

लॅबवाल्यांना मी फसवलं, आणि त्यांनी मला त्याहून वाईट फसवलं. भूतप्रेत, अंगात येणं... असलं मी कधी मानलं नाही. अर्जुनी मोरगावात धानाचा धंदा शून्यातून उभा केला. दाणा दाताखाली फोडल्याशिवाय मी कोणाचा शब्द घेत नाही.

माझ्या धाकट्या भावाला, दिलीपला, दुसऱ्याचं हृदय बसवलंय. अशा हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून बंद होत जातात आणि नसा कापलेल्या असल्यामुळे बहुतेकांना दुखतही नाही. म्हणून दरवर्षी नागपूरला अँजिओग्राफी. यंदा डॉक्टर म्हणाले, आधी रक्ताची नवी तपासणी करू. हृदयदात्याच्या डीएनएचे सूक्ष्म अंश रक्तात वाढले असतील तर हृदयाला इजा होतेय. नसतील तर अँजिओग्राफी पुढे ढकलू.

म्हणे हाताच्या रक्तातून हृदयाचं कळतं. पोत्याच्या तोंडाशी चोख धान आणि आत भुसा, असला माल मी आयुष्यभर पाहिलाय. या बाटलीवर भावाचा जीव सोडू?

मिलचं ओलावा मोजायचं मशीन खोटं बोलतं का, हे पाहायला मी माझाच वाळवलेला धान दुसऱ्याच्या नावाने पाठवतो. इथेही तेच केलं. गोंदियाच्या कलेक्शन सेंटरवर दिलीपच्या नावाने माझं रक्त दिलं.

"दादा, तपासाचं रक्त माह्यं हाय, तुह्यं नाही," दिलीप बाहेर म्हणाला.

"गप बस. तुले धंद्यातलं काय समजते?"

माझ्या छातीत माझंच हृदय. दात्याचा अंश सापडला की चोरी पकडली.

सापडला. भरपूर वाढलेला. मी खूश होऊन रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर आपटला. "साहेब, हे रक्त माझं आहे. तुमची लॅब लोकाईले येडं बनवून राहिली."

"भावाच्या जिवाशी खेळता?" डॉक्टर भडकले.

"खेळ तुम्ही लावला."

दिलीपची बायको मंदा मधे पडली. "दादा, भांडण मंग करा. मले आता कोणत्याच रक्ताचा भरोसा नाही. आमच्या यायची अँजिओग्राफी करून टाका."

केली. दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद. दिलीपला कसलाही त्रास नव्हता, आदल्या दिवशी बांधावर फिरून आला होता. स्टेंट टाकले, वाचला.

म्हणजे रिपोर्ट दिलीपचा खरा निघाला. माझ्या रक्तातून.

लॅबचा मॅनेजर फोनवर म्हणाला, "भाईसाब, सॅम्पल बदल गया होगा."

"किसके साथ? भाई का खून तो निकाला ही नहीं था."

फोन कट.

मग डॉक्टरांनी स्वतःसमोर माझं रक्त काढून, माझ्याच नावाने, दुसऱ्या लॅबला पाठवलं. हृदय बसवताना ठेवलेल्या दात्याच्या जुन्या नमुन्याशी जुळवायला सांगितलं. जुळलं... तोच माणूस. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाले, "काहीतरी भेसळ झाली असेल." एवढं शिकून शेवटी किराणावाल्याचा शब्द. आता ते माझा फोन घेत नाहीत.

मला कधी कोणाचं रक्त चढलं नाही, अंगावर साधा टाका नाही. कारण मला आजही कळलेलं नाही, आणि "योगायोग" मला ऐकायचा नाही. ज्याचं हृदय दिलीपच्या छातीत धडधडतं, तो माझ्या रक्तात काय करून राहिला? लॅबने सांगावं, नाहीतर डॉक्टरने. पण तोंडावर सांगावं.