एका जागेसाठी दोघं

मुलाखतीसाठी थांबले होते, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचा माणूस घामेजलेले तळवे पुन्हा पुन्हा रुमालाला पुसत होता. मी वर पाहिलं आणि चरकले. सामंत सर. पहिल्या नोकरीत मला प्रोग्रॅम लिहायला शिकवणारे माझे टीमलीड. जागा एकच होती.

"माणसं कमी केली, त्यात मीही," ते ओशाळून म्हणाले. ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्याच समोर एक दिवस उभं राहावं लागेल, हे शिकताना कुणाच्या मनात येतं?

माझं नाव पुकारलं. सर हळूच म्हणाले, "अडलीस तर गप्प बसू नकोस. काय विचार करतेयस ते बोलत राहा."

आत मी खरंच अडले. समोरचे तिघं नुसते बघत होते. सरांचं आठवून बोलत राहिले, आणि उत्तर सापडलं.

बाहेर आल्यावर सरांना प्रश्न सांगायला गेले. त्यांनी मान हलवली. "नको. माझं मला सोडवू दे."

नोकरी पुढे मला मिळाली. त्या दुपारी मात्र सर आत गेल्यावर मी बंद दाराबाहेर थांबून राहिले. बऱ्याच वेळाने आतून सर आपला विचार बोलून दाखवताना ऐकू आले, तेव्हा कुठे जिना उतरले.