पाण्यातच करायचं म्हणणारे सर

आमच्या सरांइतका चिडका माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात नसेल, आणि दुसऱ्याला त्यांच्याइतकी चीड आणणारा तर नाहीच नाही. मी त्यांच्याकडे रसायनशास्त्रात पीएचडी करत होते. वहीत एखादं शून्य राहिलं की वही खिडकीबाहेर. पहिल्याच वर्षी ती मी तीनदा पेरूच्या झाडाखालून उचलून आणली, आणि तिन्ही वेळा मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला.

काम सांगायला सोपं. एन्झाइम फार नाजूक. जास्त तापलं, नको त्या द्रवात पडलं की मेलं. म्हणून त्याच्याभोवती जस्ताच्या क्षारापासून बारीक छिद्रांचा पिंजरा वाढवायचा, म्हणजे ते आत टिकतं आणि पुन्हा पुन्हा वापरता येतं. बाकीचे लोक हा पिंजरा उग्र वासाच्या सॉल्व्हंटमध्ये बनवतात. आमच्या सरांचा हुकूम, पाण्यातच करायचं. अहो, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात! डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी ते बादल्यांत धरत आणि आम्हाला पुन्हा टाकीत चढवायला लावत. एकदा प्राचार्य चहाआधी कप विसळायला लागले, तर "कावून विसळता? सोच्छ हाय की," म्हणत सरांनी त्यांच्या हातातून कप काढून घेतला.

दोन वर्षं पाण्यात नुसता गाळ. माझी मुदत संपत आलेली, पदवी हातची जाणार हे दिसत होतं. शेवटी वैतागून मी मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत जाऊन, सरांना न सांगता, सॉल्व्हंटमध्ये करून आणलं. काय सुरेख स्फटिक! विभागात सगळ्यांना दाखवले. सरांनी त्यांवर तपासणीचं द्रावण टाकलं. एन्झाइम जिवंत असेल तर ते निळं होतं. झालं नाही.

"लई देखणं हाय," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "पण आत मढं हाय."

सहा महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्याच तिरमिरीत पुन्हा पाण्यात काम सुरू केलं, रसायनं घालायचा क्रम बदलला, प्रमाणं बदलली, आणि एका दुपारी परीक्षानळी निळीशार झाली. पण तोवर सरांना लकव्याचा झटका येऊन गेला होता आणि ते चकलांब्याला, गावाकडच्या घरी होते.

बांधणीआधी प्रबंध घेऊन मी तिकडे गेले. एका तक्त्यात सदतीस अंशांच्या जागी मुद्दाम त्र्याहत्तर लिहून ठेवलं होतं. एवढ्या उष्णतेत आमचं एन्झाइम केव्हाच मेलं असतं. हे बघून तरी सर कडाडतील, अशी माझी वेडी आशा. त्यांचं बोट ओळीवरून सरकत त्या आकड्यापाशी आलं, जरा थांबलं. मग त्यांनी पान उलटलं.

"छान हाय, पोरी," ते म्हणाले. "लई छान."

इतका राग मला त्यांचा कधीच आला नव्हता. परतताना एसटीत बसून तो आकडा मीच खोडला, सदतीस लिहिलं.