तो सगळं स्वतःच करतो

हे मी आईला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, तो आमच्याच गावचा. दादाला सांगायची गरज नाही — तो तिथंच होता. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही माझ्या गावचे नाही म्हणून. दुसरं कारण नाही.

आधी मी कोण ते सांगते. टाळत नाही आहे... नाही, थोडी टाळतेच आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात, मूलच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव. बाप बांबू तोडायला जायचा, आई धानाच्या रोवणीला. घरातली पहिली पदवीधर मी. बी.ए. झाले तेव्हा बुद्धविहारासमोर माझा सत्कार झाला, शाल दिली, माइकवर बोलायला लावलं. तेव्हापासून गावात कुणाला साहेबाशी बोलायचं असलं की एकच वाक्य — "बाईले विचारा." बाई म्हणजे मी. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, अजून आवडतं.

सुधाकरदादा माझ्याहून मोठा. त्याला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. आमच्याकडे हा आजार घराघरात आहे, तरी बाहेरच्यांना कळत नाही, कारण दिसत नाही. चार दिवस माणूस चांगला असतो. मग एकदम दुखणं उठतं आणि हाडन् हाड कुणी पिळतंय असं होतं. त्यात दादाचा खुबा गेला. त्याला उकिडवं बसता येत नाही. वाईट दिवसांत आई आणि मी — दोघी दोन्हीकडून धरून — त्याला संडासला न्यायचो. धुवायचोही. तो डोळे मिटून घ्यायचा. मी त्या वेळी काहीतरी बडबडत राहायचे, शेजारणीचं, बकरीचं, कशाचंही.

हे सगळं तुम्हाला किती सहज सांगितलं मी, नाही?

दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला दादा गेला तो नेमका त्याचा चांगला दिवस होता. चालत गेला, चालत आला. टक्के चाळीसच्या खाली पडले, म्हणजे पेन्शन नाही. मी म्हटलं, अपील करू. मीच म्हटलं. अर्ज मी लिहिला, चंद्रपूरला सुनावणीची तारीख लागली. तिथल्या एका शिपायानं मला आधीच सांगून ठेवलं होतं — या आजारात साहेब घरच्यांना विचारतात. वाईट दिवस घरच्यांनीच पाहिलेले असतात ना. म्हणजे सगळं माझ्या बोलण्यावर होतं. मला ते माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

त्या दिवशी दादानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. कचेरीत जायचं म्हणजे आमच्याकडे असंच जातात. हातात त्याची काठी होती, रानातला बांबू, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. व्हरांड्यात शहरातली माणसं बसली होती, चकचकीत कुबड्या, कुणाची चाकाची खुर्ची. मला त्या काठीची लाज वाटली. मी ती त्याच्याकडून घेतली आणि पाण्याच्या टाकीमागे ठेवली.

"मी कशानं चालू मंग?" त्यानं विचारलं.

"माझा खांदा धर."

तर तो असा आत गेला. भाऊ बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून येतो आहे — बघणाऱ्याला काय वाटेल?

आत टेबलामागे तिघं होते. मधली डॉक्टर बाई माझ्याच वयाची असेल. तिनं कागद चाळले आणि दादाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "अर्ज तुम्ही लिहिलाय? छान लिहिलाय. शिकलेल्या दिसता. तुम्हीच सांगा." मला खुर्ची दिली. दादाला बाकावर बसवलं.

आणि मग तिनं विचारलं, आवाज जरासा खाली करून, "आंघोळ, संडास... स्वतः करतात की कुणाला करावं लागतं?"

मी काय सांगायचं होतं? एवढंच की मी करते. दोन शब्द. पण ती माझ्या हातांकडे बघते आहे असं मला वाटलं. मी शिकलेली, खुर्चीवर बसलेली, हिनं माझ्या हातांचा विचार करावा? आमच्या घराचा? आमच्या घराला दार नसलेली मोरी आहे, हेही तिला दिसेल असं वाटलं मला. वेडेपणा. पण ते सगळं एका क्षणात झालं, आणि मी अगदी शुद्ध भाषेत म्हणाले — "नाही, नाही. तो सगळं स्वतःच करतो."

तिनं पुन्हा विचारलं, "नेहमी?"

म्हणजे मला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती. जीभ घसरली असं मला म्हणता येणार नाही.

"नेहमी," मी म्हणाले.

दादानं माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. त्याला वाटलं असेल, कचेरीत असंच बोलायचं असतं, बाईला कळतं. की नव्हतं वाटलं? मी कधी विचारलं नाही.

निकाल तिथंच कळला, अपील नामंजूर. येताना एसटीत तो खिडकीशी बसला. मग म्हणाला, "आज मी ठीक होऊन गेलो न, बाई. इतकी वर्षं डाक्टराईले जमलं नाई. तू एका वाक्यात करून टाकलं."

आणि हसला. मीही हसले. काय केलं असतं तुम्ही?

घरी आईनं विचारलं, काय झालं. दादा काही बोलायच्या आत मी म्हणाले, "त्यांचं आधीच ठरलेलं असते. आपल्या जिल्ह्यातले अपील पासच नाई करत. शंभरात दोन-चार." हा आकडा मी कुठून आणला? कुठूनच नाही. तोंडात आला. दादा खाटेवर बसून पाय चोळत होता. त्यानं मला खोटं पाडलं नाही. आजपर्यंत नाही.

आकडा मात्र घरात राहिला नाही. हापशीवर गेला, पिठाच्या गिरणीवर गेला, पानठेल्यावर गेला. शंभरात दोन-चार — बाईनं सांगितलं. शिकलेल्या माणसाचा आकडा, त्यावर कोण शंका घेणार? नंतर एकदा दुसऱ्याच कामानं मी त्या कचेरीत गेले. सहज विचारावं तसं तिथल्या बाबूला विचारलं, अपील पास होतात का हो? तो म्हणाला, "होतात ना. का नाही होणार? पार सीमेवरच्या गावांतून लोक येतात, बोलता येत नाही मराठी, तरी नीट सांगतात सगळं, होतं त्यांचं." मग गावाचं नाव विचारलं आणि जरा आठवून म्हणाला, "तुमच्या गावचं कुणी येतच नाही."

हे मी ऐकलं, आणि बसथांब्यावर येऊन चहा प्यायले.

गावात खरं सांगता आलं असतं. एका रविवारी, विहारात, त्याच माइकवर. पण अपील पास होतात असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला — मग सुधाकरचं काऊन नाई झालं?

या पावसाळ्यात वच्छलाकाकू आली होती. आमच्या शेजारची. तिच्या रोशनीचा डावा हात जन्मापासून लुळा आहे, तरी टक्के कमी दिले. काकू दारातच टेकली. "बाई, अपील करू का वं? एक डाव करून पाह्यतो म्हणतो. तू म्हणशील तसं."

दादा आत खाटेवर होता. त्याचा रेडिओ चालू होता, तो त्यानं बंद केला. मला ते कळलं. त्याला ऐकायचं होतं मी काय म्हणते ते.

मी म्हणाले, "काही होत नाई, काकू. उगाच चकरा होतील."

"बरं बाई," ती म्हणाली. गुडघ्यावर हात देऊन उठली आणि गेली. थोड्या वेळानं आत रेडिओ पुन्हा सुरू झाला.

रोशनीच्या अपिलाची मुदत गेल्या सोमवारी संपली. नव्यानं अर्ज करता येतो, हे मला माहीत आहे. तेही मी काकूला अजून सांगितलेलं नाही.