कोर्लईच्या टेकडीवर, चार टक्के चार्जिंगवर

दिवा चार वेळा लुकलुकला आणि विझला. मी पॉवर बँक फोनच्या पाठीवरून काढली, कुर्त्याच्या टोकाला पुसली आणि पुन्हा लावली. एरवी ती टक् असा आवाज करून घट्ट बसते. आता नुसती टेकली. दिवा पुन्हा लुकलुकला.

"घेतंय का?" शेजारी बसलेल्या हिरामावशींनी विचारलं.

"अजून नाही."

"किती हाय?"

"चार टक्के."

रिक्षा बोर्लीहून कोर्लईकडे चालली होती. फोन मावशींचा, पॉवर बँक माझी. बोर्लीच्या कोळीवाड्यात मावशींच्या घरी मी एका रात्रीची पाहुणी होते. त्यांचा मुलगा चेतन मालवाहू जहाजावर खलाशी आहे. त्या संध्याकाळी त्याचं जहाज न्हावा शेवाकडे जाताना कोर्लईच्या समोरून जाणार होतं. किनाऱ्याची रेंज मिळाली की तो आईला फोन करणार होता, आणि जहाज दिसावं म्हणून आम्ही कोर्लईच्या किल्ल्यावर चाललो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उरणचा एक माणूस त्यांची होडी बघायला येणार होता. होडी विकायची की ठेवायची, हे चेतनच्या तोंडून ऐकल्याशिवाय मावशी ठरवणार नव्हत्या.

इथवर मी कशी आले ते सांगते.

दोन दिवस, एक झोळी, चार्जर नाही, वायर नाही, असं ठरवून निघाले होते. तिकीट, नकाशा, पैसे, कॅमेरा, सगळं आता फोनमध्ये असतं. म्हणजे फोन जिवंत ठेवला की झालं, असा माझा हिशेब. त्यासाठी ही चुंबकाने चिकटणारी पॉवर बँक घेतली. साबणाच्या वडीएवढी, तिच्याहून चपटी. फोनच्या पाठीला लावायची आणि चालायला लागायचं. फोन जाड होतो, हाताला थोडा ऊबदार लागतो. एका भरणीत माझा फोन अर्ध्याहून थोडा जास्त चार्ज होतो. एका रात्रीच्या प्रवासाला पुरेल असं वाटलं.

गेटवेहून लाँचने मांडवा. तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतची बस येते, वेगळं काही काढावं लागत नाही. अलिबागहून रिक्षाने नागाव. तिथे नारळाच्या वाडीत चहा घेतला आणि किनाऱ्यावर बसून पॉवर बँक वाळूत ठेवली. उचलली तर चुंबकाच्या कडेने काळे केस उगवलेले. नागावच्या वाळूत लोखंडाचे बारीक काळे कण आहेत, हे मला माहीत नव्हतं. ते झटकून निघत नाहीत. चिकटपट्टी लावून काढावे लागतात, नाहीतर फोनच्या पाठीवर ओरखडे येतात. चहावाल्याने चिकटपट्टी दिली. "कालच एकाचा स्पीकर असाच झाला," तो म्हणाला. त्याला त्यात नवल नव्हतं.

नागावहून एसटीने रेवदंडा, पूल ओलांडून साळाव, मग काशीद. रस्ता साळावपर्यंत बरा आहे, पुढे अरुंद आणि वळणांचा. काशीदला शनिवारची गर्दी होती, उंट होते, पाण्यावरच्या मोटारी होत्या. मी नारळपाणी घेतलं आणि अलिबागकडे परतणाऱ्या गाडीने मागे येऊन बोर्लीला उतरले. काशीदनंतर माझ्या फोनची रेंज गेली ती परतेपर्यंत आली नाही. पैसे फोनवरून देता येणार नव्हते. थोडी रोकड झोळीत होती म्हणून निभावलं. तुम्हीही ठेवा.

मावशींची खोली एका मैत्रिणीने सुचवली होती. खोली आणि दोन वेळचं जेवण मिळून दीड हजार. जेवायला तांदळाची भाकरी, मांदेलीचं कालवण, जवळ्याची चटणी. मावशींचे यजमान धर्माकाका ओटीवर जाळं घेऊन बसले होते. जाळं विणत नव्हते. नुसतं मांडीवर होतं.

"लाईट काल रातपासून नाय," ते म्हणाले. "खांबावर माड पडलाय. तुला पंखा नाय मिलनार."

"चालेल, काका."

"तुला चालंल. हिला नाय चालत. सकालधरनं फोन हातात घेऊन फिरतंय, जसा फोन आजारी हाय."

"आजारीच हाय," मावशी आतून म्हणाल्या.

तो चेतनचा जुना फोन होता, त्याने परदेशात घेतलेला. वायर लावायच्या भोकात खारं पाणी जाऊन आतलं पितळ हिरवं पडलं होतं. शेजाऱ्याने गाडीच्या बॅटरीवर चार्जर लावून पाहिला होता, फोनने तो धरला नव्हता. दुरुस्तीचं दुकान मुरूडला, तेही सोमवारी. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालावं तर या फोनला सिमची खाचच नाही, सिम आतच बसवलेलं. काकांचा फोन दोन महिन्यांपूर्वी समुद्रात पडला आणि त्यांनी दुसरा घेतला नाही.

"शेजाऱ्यांच्या फोनवर बोलता नाही येणार का?" मी विचारलं.

मावशींनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "होडी इकायची गोष्ट हाय, बाय. गावाला कललं तं धा जनं सल्ला द्यायला येतील. आनि परक्याच्या फोनवर पोऱ्या मोकलं नाय बोलायचा."

"त्याने मेसेजमध्ये काही लिहिलं नाही?"

"लिवलं ना. 'बघा तुम्ही.'" मावशींनी ते दोन शब्द बोटांनी ओट्यावरून बाजूला सारल्यासारखं केलं. "काय बघा? अक्षरांना तोंड नाय."

काकांचे गुडघे गेले आहेत. गेलं वर्षभर होडी भाड्याच्या माणसांवर चालते आणि भाड्याची माणसं जाळी फाडून आणतात. चेतन येणार असेल तर दोन वर्षं कशीतरी काढता येतील. नसेल तर होडी ओढून ठेवलेली कुजते. एवढीच गोष्ट होती. काकांनी ती जाळ्याकडे बघत सांगितली.

मी झोळीतून पॉवर बँक काढली. "याला भोक लागत नाही," मी म्हटलं. "पाठीला चिकटतं." तिची भरणी मी अजून वापरली नव्हती आणि माझा फोन बारा टक्क्यांच्या आसपास होता. परतीचं तिकीट त्यात होतं. मी जरा वेळ ती हातातच धरून ठेवली, मग दिली. घरात लावून बघायला वेळ नव्हता. रिक्षा दारात उभी होती.

म्हणून आम्ही रिक्षात होतो आणि दिवा लुकलुकत होता.

मी फोन हातात उलटा केला. पारदर्शक जाड कव्हर होतं. पाठीकडून ते तापलं होतं, आणि एकाच जागी तापलं होतं, मधोमध. कव्हरच्या आत, फोनला चिकटून, एक कागद दिसला. हळद लागलेला. कागदाच्या आत काहीतरी कडक होतं.

"मावशी, आत काय ठेवलंय?"

"आई हाय."

"कोण?"

"एकवीरा आई. टाक हाय चांदीचा. चेतन बोटीवर चढला तवा कार्ल्याला जाऊन आनला. त्याचा फोन हाय ना. त्याच्या पाठीशी आई पायजे."

रुपयाएवढा चांदीचा पत्रा. पॉवर बँक आणि फोन यांच्या बरोबर मधे. फोनमध्ये जायची ती वीज चांदीच तापवत होती, आणि पॉवर बँक स्वतःला बंद करून घेत होती. मी ते जमेल तितकं साधं करून सांगितलं. सांगताना मला माझ्याच शब्दांचा संकोच वाटला. मुलगा समुद्रावर, त्याचा फोन येणार, आणि मी त्याच्या पाठीमागची देवी काढायला सांगत होते.

रिक्षा एका वळणावर घसरली, सावरली. रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता.

"मामी, काढा ना," तो म्हणाला. "आई काय रागावतंय? तिला म्हाईत हाय लाईट गेलीय."

"तू पुढं बघ," मावशी म्हणाल्या. "तुला गाडी येत नाय, देव काय येतंय?"

मग त्यांनी फोन घेतला. कव्हरची कड नखाने उचलली. कागद उलगडला, टाक तळहातावर घेतला, कपाळाला लावला. "जरा येल भायेर बस गो आये," त्या अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या. "पोऱ्याचा फोन हाय." टाक मुठीत ठेवला. फोन मला दिला.

टक्.

दिवा हिरवा झाला आणि हिरवा राहिला.

कोर्लईला गाव ओलांडून रस्ता समुद्राच्या कडेने दीपगृहापर्यंत जातो. तिथून मागच्या बाजूने किल्ल्याच्या पायऱ्या आहेत. पायऱ्या उंच, कठडा नाही. पाणी सोबत घ्या, वर काही मिळत नाही. वर पोचल्यावर एका बाजूला रेवदंड्याची खाडी दिसते आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. तटबंदीवर बसायला जागा आहे. मावशी अनवाणी चढल्या, दोनदा थांबल्या. फोन आणि पॉवर बँक दोन्ही मिळून त्यांनी छातीशी धरलं होतं. चढताना ते सुटलं नाही, वायर कुठे अडकली नाही. या वस्तूची जाहिरात करायची तर मी त्या चढाची करेन.

क्षितिजावर तीन जहाजं होती.

"यातलं कुठलं?"

"निलं हाय म्हनला. हितनं सगलीच काली दिसतात."

आम्ही बसलो. नऊ टक्के. फोन वाजला तेव्हा अकरा होते. मावशींनी तो कानाला लावला, पण पॉवर बँकेमुळे त्यांना तो जड वाटला, म्हणून आम्हा दोघींच्या मधे धरून स्पीकर लावला. मी उठून जायला लागले. त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं.

"आये, दिसतंय का? मी डेकवर हाय. हात दाखवतंय."

"दिसतंय," मावशी म्हणाल्या. काही दिसत नव्हतं.

"गुडघं कसं हाय बाबांचं?"

"हाय तसं. जेवलास?"

"जेवलो. इथं नवा कुक आलाय, केरळचा. मासे मस्त करतो. आये, पुढच्या वर्षी मी परीक्षा देतोय. आमचा मुकादम, बोसन, बोलला, तू पास होशील. मग पगार पन वाढंल." तो बराच वेळ परीक्षेबद्दल बोलला. कोणती पुस्तकं, कुठला वर्ग, मुंबईत कुठे राहायचं. त्याचा आवाज भरभर येत होता. मग त्याने विचारलं, घराला रंग दिला का, लाईट आली का, शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली का.

"होडीचं काय करू?" मावशींनी विचारलं.

वाऱ्याचा आवाज आला. त्याचा की आमचा ते कळलं नाही.

"ठेव ना. नको इकू. मी येतोच हाय दोन वर्सांनी. मीच चालवीन."

"बरं," मावशी म्हणाल्या.

मग त्याला कुणीतरी हाक मारली. तो म्हणाला, ठेवतो, आणि फोन बंद झाला. फोनमध्ये चार्जिंग शिल्लक होतं. ते कमी पडलं नाही. मावशी जहाजांकडे बघत राहिल्या. तीनमधलं एक पुढे सरकत होतं. उतरायच्या आधी त्यांनी हात वर केला, आणि तो थोडा वेळ तसाच ठेवला.

आता घरी येऊन आठवडा झालाय. विचारणाऱ्यांसाठी लिहिते. पॉवर बँक चांगली आहे. वाळूत ठेवू नका, उन्हात ठेवू नका, फोन आणि तिच्यामध्ये नाणं, कार्ड, देव, काही ठेवू नका. भरणी एकदाच पुरते. परतीचं तिकीट कागदावर उतरवून घ्या. माझा फोन साळावच्या पुलावर बंद पडला आणि मांडव्याला खिडकीवरच्या बाईंनी नोंदीत नाव बघून मला सोडलं.

मी तिथे काय ऐकलं, हे मात्र मला अजून नीट लावता येत नाही. मला 'ठेव' ऐकू आलं होतं. रिक्षात परतताना मी खूश होते आणि तसं बोललेही. मावशींनी टाक पुन्हा कागदात गुंडाळला, कव्हरमध्ये सरकवला आणि रात्री भाकरीला काय करू ते विचारलं.

सकाळी उरणचा माणूस आला. त्याने होडीभोवती फेरी मारली, बुडाला बोटं वाजवली. काका बोलायच्या आधी मावशींनी भाव सांगितला. तो कबूल झाला. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, चेतन तर ठेव म्हणाला होता. "म्हनला," मावशी म्हणाल्या. "गुनाचा पोऱ्या हाय. कुत्रीची पिल्लं इचारली त्यानं. होडीचं मशीन कसं चालतंय, ते नाय इचारलं." भरती आल्यावर तो माणूस होडी घेऊन गेला. काका ओटीवरून उठले नाहीत. मावशींनी पाटी डोक्यावर घेतली आणि मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडून त्या बाजाराकडे गेल्या.