बाप-लेकाच्या छातीतलं मशीन

डॉक्टर बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी."

माझा मुलगा समीर शेजारी बसला होता. खुर्ची त्याला लहान पडत होती, गुडघे टेबलाला टेकले होते. त्याने विचारलं, "ओके. सो व्हेन कॅन आय प्ले?"

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. चष्मा काढून बोलणारा डॉक्टर मला नको वाटतो. माझ्या बायकोच्या वेळी पण डॉक्टरने असाच काढला होता.

"खेळणं बंद," बाई म्हणाल्या. समीर म्हणाला, "फॉर हाऊ लाँग?" बाई म्हणाल्या, "कायमचं."

नाव अवघड आहे, आजार समजायला सोपा. हृदयाची भिंत जाड होते. हे रक्तातून येतं, आई नाहीतर बापाकडून. भिंत जाड झाली की आतली वीज सरळ फिरत नाही. जोरात पळताना काळीज नुसतं फडफडायला लागतं, रक्त ढकलत नाही, आणि माणूस जागच्या जागी संपतो. शंभरातल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर काही होत नाही असंही बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी सांगायला नको होतं. समीरने तेवढंच ऐकलं.

मी सातवी शिकलेला माणूस. बायको शैला नर्स होती, मिरजेची. तिच्या नोकरीवर आम्ही मिशिगनला आलो. गाड्यांचे भाग ठोकतात त्या फोर्ज शॉपमध्ये माझं आयुष्य गेलं. शैला उंच होती, पोरगा तिच्यावर गेला. लग्नानंतर फार उशिरा झालेलं एकच पोर. ती कॅन्सरने गेली. महिनोन्महिने अंथरुणावर झिजून गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

समीर कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा. तिथे त्याला सगळे सॅम म्हणायचे. त्याच्या टीममधले दोघं आमच्याकडे पडीक असायचे, डेशॉन आणि टायलर. शैलाच्या अंड्याच्या रश्शावर आडवा हात मारायचे. तिला काकू म्हणायचे, मला काका. कॉलेज संपलं आणि तिघांच्या तीन वाटा झाल्या. डेशॉनला मोठ्या लीगने उचललं, तो टीव्हीवर दिसायला लागला. टायलर युरोपात एका क्लबकडून खेळायला गेला. समीर डेव्हलपमेंट लीगमध्ये लागला. ही लीग म्हणजे मोठ्या घराची ओसरी. बसने फिरायचं, मोटेलात झोपायचं, आणि वरून बोलावणं यायची वाट बघायची. तिथे कुणी दुखलं-खुपलं सांगत नाही. सांगितलं की जागा गेली. गुडघा सुजला तरी पोरं बर्फ लावून हसत बाहेर येतात.

आजाराचा पहिला इशारा मिळाला तो शैलाच्या वर्षश्राद्धाला. समीरने त्या दिवशी उपास धरला होता. कुणी सांगितलं नव्हतं, आपल्या मनानेच धरला. सकाळी पूजा झाली आणि दुपारी तो डेशॉनबरोबर जिममध्ये खेळायला गेला. डेशॉन सुट्टीला गावी आला होता. तिथे समीर कोसळला. लगेच उठला आणि म्हणाला, उपास आहे, आईसाठी.

घरी येऊन मलाही तेच सांगितलं. मला पटलं. उपासाने घेरी येते, त्यात काय. उलट ऊर भरून आला, की अमेरिकेत जन्मलेलं पोरगं आईचा दिवस पाळतं. मी लिंबू सरबत करून दिलं आणि शैलाच्या फोटोला सांगितलं सुद्धा.

डेशॉनला पटलं नाही. तो दुसऱ्या दिवशी दारात उभा. म्हणाला, "काका, मी पण उपाशी खेळलोय. भुकेने माणूस गुडघ्यावर येतो. सॅम तोंडावर पडला. हात पण पुढे नाही केले त्याने." मी म्हटलं, तू काळजी नको करू, जेवला तो नंतर.

डेशॉन गेला आणि त्याने स्वतःच्या टीमच्या डॉक्टरला सांगितलं. त्या डॉक्टरने समीरच्या टीमच्या डॉक्टरला फोन केला. टीमने कळवलं, आधी हृदय तपासून या, मग पाय ठेवा.

समीर पेटला. लॉकर रूममधली गोष्ट बाहेर जात नाही, हा त्या पोरांचा धर्म. चार वर्षं तिघांनी तो पाळला होता. "ही स्निच्ड ऑन मी, बाबा. हिज ओन ब्रदर!" चुगलखोर म्हणाला, आणखी बरंच म्हणाला. डेशॉनचे फोन घेईना. मीही डेशॉनला फोनवर सुनावलं, "तू पोचलास वर, तुझं काय जातंय?" तो एवढंच म्हणाला, "येस, काका."

मग तपासण्या. आधी एको, म्हणजे आवाजाच्या लाटांनी हृदयाचं चित्र काढतात. मग एमआरआय, त्या बोगद्यात समीरचे पाय बाहेर राहिले. मग होल्टर, म्हणजे छातीला तारा चिकटवून घरी पाठवतात, प्रत्येक ठोका नोंदला जातो. काही दुखत नाही. दुखतं ते बाहेर बसणं. हार्टच्या वेटिंग रूममध्ये सगळे म्हातारे, काठ्या, व्हीलचेअर. मध्ये हा ताडमाड जवान गडी. काउंटरवरची बाई दर वेळी माझ्याकडे बघून म्हणायची, "सर, तुमची जन्मतारीख?" समीर खाली बघून म्हणायचा, "इट्स मी."

रक्ताच्या तपासणीत दोष सापडला. तेव्हा डॉक्टर बाई म्हणाल्या, आता वडिलांना तपासू. मी म्हटलं, तपासा. एको झाला, होल्टर झाला. माझीही भिंत जाड. माझेही ठोके मध्येच उधळतात. जिना चढताना धाप लागायची ती मी वयावर ढकलत होतो.

"म्हणजे माझ्याकडून गेलं?" मी विचारलं.

"तुम्ही दिलं नाही, ते गेलं," बाई म्हणाल्या. समजुतीचं बोलणं. ऐकलं आणि सोडून दिलं.

बाईंनी दोघांना आयसीडी सांगितलं. हे काडेपेटीपेक्षा थोडं मोठं मशीन असतं. खांद्याखाली कातडीच्या आत बसवतात, तार हृदयापर्यंत नेतात. काळीज फडफडायला लागलं की मशीन आतून शॉक देतं आणि ठोका परत जागेवर आणतं. बास, एवढंच त्याचं काम. आजार बरा करत नाही.

परत येताना गाडी मी चालवत होतो. समीर म्हणाला, "बाबा, सेम थिंग आहे ना तुला? तू फोर्जमध्ये काम केलंस. आयर्न उचललंस, होल लाइफ. तू सत्तरच्या वर गेलास. सो व्हॉट आर वी टॉकिंग अबाउट?"

मी जिवंत होतो हाच त्याचा पुरावा. डॉक्टर बाईंचं सांगणं एकीकडे आणि ड्रायव्हिंग सीटवर बसलेला बाप एकीकडे.

त्यात टायलरचा फोन आला. त्याच्या क्लबला खेळाडू हवा होता. तिथे फार तपासत नाहीत, माझ्या जबाबदारीवर खेळतो अशी सही केली की झालं. समीरने मला सांगून टाकलं, मी जाणार.

आता माझं सांगतो. मी बाईंना मशीन नको म्हणालो. शैलाला मी झिजताना बघितलं होतं. पाणी गिळता येत नव्हतं शेवटी. आणि मला इथे फुकटात झटक्याचं मरण मिळत होतं. चालता-बोलता जायचं, कुणाला त्रास नाही. लोक देवाकडे मागतात असं मरण. मी ते काढून टाकायला छाती फाडून घेऊ? कुणासाठी? शैला गेल्यापासून सकाळी उठायचं म्हणजे मला शिक्षा वाटायची.

समीरने ते बाईंच्या समोरच ऐकलं. म्हणाला, "तू नाही घेणार? देन आय डोन्ट नीड इट आयदर."

"तू गप बस. तुझं वय काय, माझं काय."

"सेम हार्ट, बाबा."

बाईंनी आमचं भांडण होऊ दिलं. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण काय चाललंय ते कळलं असावं. शेवटी म्हणाल्या, "एकाला मरायचंय, दुसऱ्याला वाटतंय आपण मरणारच नाही. मला दोघांवर सारखंच काम करायचंय. बाहेर जा आणि ठरवून या."

बाहेर कॉफीच्या मशीनपाशी आम्ही उभे राहिलो. मी म्हटलं, "मी घेतो. तू पण घे. नाहीतर मी पण नाही."

तो रडला. आई गेली तेव्हा रडला नव्हता. म्हणाला, "दॅट्स नॉट फेअर."

म्हटलं, "नसेना का."

दोघांचं एकाच आठवड्यात झालं. इथल्या आमच्या मराठी मंडळातला प्रशांत पुण्याचा इंजिनियर आहे, त्याने आणलं-नेलं. भूल हलकी असते, दुखतं नंतर. डावा हात बरेच दिवस वर करायचा नाही, तार सुटते. घरात दोन पुरुष आणि चालणारे दोन उजवे हात. लोणच्याची बरणी एकाने पोटाशी धरायची, दुसऱ्याने झाकण फिरवायचं. शर्ट एकमेकांना घालायचे. प्रशांत डबा घेऊन आला आणि बघून म्हणाला, "काका, तुम्ही दोघं मिळून एक माणूस झालायत यार." समीर हसला. शैला गेल्यानंतर घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं असेल.

मला वाटलं, संपलं. कुठलं काय. हात बरा झाला आणि समीर परत टायलरशी बोलायला लागला. आता त्याचं म्हणणं, छातीत मशीन आहे, आता कसली भीती? बाई म्हणाल्या, "घरात आगीचा बंब ठेवला म्हणून कुणी पडद्याला काडी लावत नाही." समीरने मान हलवली आणि घरी येऊन तिकीट काढलं. मी ओरडलो, जेवण सोडलं, शैलाची शपथ घातली. तो एकच सांगायचा, "तू बघ ना स्वतःकडे. यू आर फाइन."

जायच्या आधीच्या रविवारी आम्ही इंडियन दुकानात गेलो. तो गेल्यावर मला वाणसामान कोण आणून देणार, म्हणून त्याने गाडी भरून घ्यायचं ठरवलं होतं. पार्किंगमध्ये तो तांदळाचं पोतं डिकीत टाकत होता. मी रिकामी कार्ट परत लावायला निघालो होतो. सपाट रस्ता, गार हवा. घाई नव्हती, वजन नव्हतं.

त्यानंतरचं मला माहीत नाही. लोक म्हणतात उजेड दिसतो, गेलेली माणसं न्यायला येतात. मला काही दिसलं नाही. शैला पण नाही. मग छातीत बैलाने लाथ घातल्यासारखा दणका बसला आणि मी डांबरावर होतो. तोंडातून पहिली शिवी निघाली. दुसरा विचार आला, इतक्या सोप्यात सुटलो होतो, कशाला आणलं परत?

मग समीरचं तोंड दिसलं. त्याच्या हातातून पोतं पडून फुटलं होतं, तांदूळ सगळीकडे. तो माझी मान धरून नुसता "बाबा, बाबा" करत होता. लहानपणी जत्रेत हरवलेलं पोर करतं तसं.

इमर्जन्सीत त्यांनी मशीन तपासलं. मशीनमध्ये सगळं नोंदलेलं असतं. काळीज फडफडलं, मशीनने शॉक मारला, ठोका परत आला. मशीन नसतं तर तिथेच संपलं होतं, असं तिथला तरुण डॉक्टर म्हणाला. समीर कोपऱ्यात उभा होता. डॉक्टर गेल्यावर म्हणाला, "यू वर जस्ट वॉकिंग." थोड्या वेळाने परत तेच. "बाबा, तू फक्त चालत होतास."

त्याने माझ्यासमोर टायलरला फोन लावला. "मॅन, आय ॲम नॉट कमिंग." टायलर काहीतरी बोलत होता. समीर म्हणाला, "नो. आय सॉ इट." आणि ठेवला. मग बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन डेशॉनला लावला. काय बोलले मला माहीत नाही. बराच वेळ बोलले. दोन दिवसांनी डेशॉनचा मला फोन आला, "काका, हाऊ इज द हार्ट?" मी म्हटलं, दोन्ही चालू आहेत, तुझ्यामुळे.

मंडळाच्या अंकासाठी लिहा म्हणाले म्हणून लिहिलं. ज्यांच्या घरात हे होईल त्यांना माझं सांगणं एवढंच. तरणं माणूस चक्कर येऊन पडलं तर उपासावर, उन्हावर, जागरणावर घालू नका. एको करा. एकाला निघालं तर घरातल्या सगळ्यांचं करा, म्हाताऱ्यांचंही. आणि तुमच्या पोराबद्दल कुणी परक्याच्या पोराने काही सांगितलं तर त्याला दारातून परत पाठवू नका.

मला जगायची हौस आली असं समजू नका. शैलाशिवायचा दिवस अजून तसाच लांब आहे. पण मी परत आलो त्या दिवशी पोराने टायलरला नाही म्हणून फोन ठेवला, म्हणून त्या दणक्याला आता मी शिव्या देत नाही. बाईंचे, डेशॉनचे उपकार आहेत. फेडता येण्यासारखे नाहीत.

समीर बरा आहे असं मी म्हणणार नाही. औषध घेतो, झोपत नाही. शूज गॅरेजमध्ये आहेत, टाकत नाही, घालत नाही. परवा डेशॉनची मॅच होती. समीरने टीव्ही लावला आणि आवाज बंद केला. मध्येच उठून भिंतीवर मूठ मारली. प्लास्टरला पोचा पडला. मी जेवायचं का विचारलं. म्हणाला, "नॉट हंग्री."

मी दोघांची पानं वाढली आणि एकटाच बसलो. माझा भात निम्मा संपल्यावर तो आला, खुर्ची ओढली, आणि रश्शाचं भांडं स्वतःकडे सरकवलं.