गर्जे सरांचा डिप्लोमा

पाथर्डीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत गहिनीनाथ गर्जे यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. सकाळी उजाडलं की तिथं मशीनांचा जो कडकडाट सुरू व्हायचा, तो शेजारच्या पिठाच्या गिरणीलाही हार जायचा नाही. तालुक्यातले कितीतरी कारकून, कोर्टातले टंकलेखक, शाळांमधले शिपायाचे बाबू झालेले लोक गर्जे सरांच्या हाताखालून गेले. मग सरकारनं टंकलेखनाची परीक्षा मशीनवरून कॉम्प्युटरवर नेली. पोरं येईनाशी झाली, मशीनं भंगारात गेली आणि त्या खोलीत मोबाईलची कव्हरं विकणारा भाडेकरू आला.

त्यानंतर सर घरी बसले. ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत राहायचे. बोटं मात्र मांडीवर हलत असायची. त्यांची बायको बायडाबाई ओळखायची, रस्त्यानं जाणाऱ्या कुणाचं तरी बोलणं मांडीवर टाईप होतंय.

मधे एकदा ते गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचं काम मागायला गेले होते. तिथला तरुण मालक आदरानं बोलला, चहा पाजला. म्हणाला, "सर, टायपिंग तर आता सॉफ्टवेअरच शिकवतं. कॉम्प्युटरच्या आत काय चालतं, ते सांगता येईल का तुम्हाला?"

सरांना सांगता येत नव्हतं. त्याचा राग आला नाही, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. जूनमध्ये एका सकाळी ते बायडाबाईला म्हणाले, "नगरला कम्युनिटी कॉलेज हाय. तिथं वयाची अट न्हाई. नाव घालायचंय."

"कुनाचं?"

"माझं."

बायडाबाई परातीतले गहू निवडत होती. तिनं मान वर केली, नवऱ्याकडं नीट पाहिलं आणि एवढंच विचारलं, "डबा किती वाजता लागंल?"

कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टीम्सच्या वर्गात सर पहिल्या दिवशी शिरले तेव्हा सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, नवे प्राध्यापक आले. सर मागच्या बाकावर जाऊन बसल्यावर हशा पिकला, तेही हसले. मग शिकवायला आल्या त्या पंकजा मॅडम. सरांना पाहून त्या दारातच थबकल्या. बारावीनंतर वर्षभर त्या सरांच्याच इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकल्या होत्या. कळांवर फडकं टाकून, खाली न बघता.

"सर, तुम्ही?"

"इथं मी विद्यार्थी आहे, मॅडम. गर्जे म्हणा," सर म्हणाले. मॅडमना ते अखेरपर्यंत जमलं नाही.

पहिले काही महिने बरे गेले. सरांचे हात की-बोर्डवर पळायला लागले की पोरं भोवती गोळा व्हायची. पण डेटाबेस सुरू झाला आणि गाडी अडली. माहितीची वेगवेगळी टेबलं करायची, एकातली खूण दुसऱ्यात ठेवायची आणि त्या खुणेवरून दोन्ही जोडायची. त्या खुणेलाही 'की' म्हणतात, हे ऐकून सर गोंधळले. 'की' म्हणजे त्यांना बोटाखालची कळ ठाऊक. वर्गातली राजूरकडची, राहुरीकडची पोरं भराभर पुढं गेली. सर फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घेत, एक अक्षर चुकत नसे, आणि त्यातलं एक वाक्य कळत नसे.

त्याच हिवाळ्यात उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला. आधी वाटलं थंडीनं. मग चहाची बशी वाजायला लागली. नगरच्या डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, आणि हळू आवाजात सांगितलं, "कंपवात आहे. औषधानं आटोक्यात राहील. जाणार नाही."

सर बसमध्ये बसले तेव्हा त्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता. आयुष्यभर त्यांच्याकडं एवढे दोन हातच तर होते. घरी त्यांनी बायडाबाईला सांगितलं. ती उठून आत गेली, आणि बराच वेळ चुलीपुढं बसून राहिली. चूल पेटवलेली नव्हती.

कॉलेजात त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण प्रॅक्टिकलच्या परीक्षेत लपणार कसं? प्रश्न सोपा होता. एका टेबलात हॉस्टेलची मुलं, दुसऱ्यात मेसची हजेरी. कोण कुठल्या दिवशी जेवलं नाही ते काढायचं. सरांचं बोट एकाच कळेवर दोनदोनदा पडत होतं. खोडून पुन्हा टाईप करता करता वेळ संपत आला. शेवटी त्यांनी क्वेरी, म्हणजे टेबलांना विचारायचा तो प्रश्न, चालवली, तर पडद्यावर ओळीच ओळी धावायला लागल्या. प्रत्येक मुलापुढं प्रत्येक दिवस लागला होता. पंकजा मॅडम मागं उभ्या होत्या. त्यांनी पडदा पाहिला, मग सरांचा हात पाहिला, आणि पुढं गेल्या.

आठवड्यानं बोर्डावर अंतर्गत गुणांचा कागद लागला. आक्षेप असेल तर दोन दिवसांत कळवा, असं खाली लिहिलेलं. गर्जे पास होते. सर त्या कागदापुढं थांबले आणि तसेच स्टाफरूममध्ये गेले.

"मॅडम, माझे मार्क चुकलेत."

"कमी पडलेत का, सर?"

"जास्त पडलेत. माझी क्वेरी चालली नव्हती."

मॅडमनी दार लोटून घेतलं. "सर, तुमचा हात मी पाहिला. आजारी माणसाला तेवढ्यावरून नापास करायचं?"

"हात धड असता तरी ती चालली नसती," सर म्हणाले. "मला जोडणी समजलीच नाही. हाताचं दुखणं हाताजवळ राहू दे, ते डोक्याला कशाला लावता?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक वर्ष जाईल तुमचं."

"तुझं नव्हतं का गेलं? स्पीड बसला नाही म्हणून मी तुला परीक्षेला बसू दिलं नव्हतं. घरी जाऊन किती शिव्या दिल्या असशील मला."

"लई दिल्या," त्या म्हणाल्या, आणि रडता रडता हसल्या.

"मग आता मलाबी तुला देऊ दे की थोड्या."

दुसऱ्या दिवशी बोर्डावर दुरुस्त केलेला कागद लागला. बायडाबाईला कळलं तेव्हा ती पहिल्यांदा चिडली. "लोकं मार्क वाढवून मागत्यात आन् तुमी कमी करून आनले? अंगात दुखनं, रोजचा प्रवास. कुनासाठी चाललंय हे?" दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी डबा भरून ठेवलेला होता.

सर नव्या बॅचबरोबर पुन्हा बसले. आता सगळ्या बोटांनी टाईप करणं सुटलं होतं. डाव्या हाताचं एक बोट, एकेक कळ. आणि इथंच काहीतरी बदललं. इन्स्टिट्यूटमध्ये ते पोरांना नेहमी बजावायचे, टायपिस्टनं अर्थ वाचायचा नाही, अक्षरं वाचायची. अर्थात शिरलात की स्पीड गेला. तीस वर्षं त्यांनी स्वतः तेच केलं होतं. कोर्टाचे निकाल, मृत्यूचे दाखले, प्रेमाची पत्रंसुद्धा त्यांच्या बोटांतून गेली, मनातून एकही गेलं नाही. आता एक शब्द उमटायला इतका वेळ लागायचा की त्याचा अर्थ समोर उभा राहायचाच. एका दुपारी लॅबमध्ये 'जोडा' असं सांगणाऱ्या ओळीवर ते बराच वेळ थांबले. कुठल्या खुणेवरून जोडा, ते आपण मागच्या वर्षी सांगितलंच नव्हतं, हे त्यांना दिसलं. सांगितलं नाही म्हणून मशीननं सगळ्यांना सगळ्यांशी जोडलं. त्याची काही चूक नव्हती.

त्यांनी पंकजा मॅडमना बोलावलं नाही. तीच गोष्ट दुसऱ्या दोन टेबलांवर करून पाहिली. बरोबर आली.

परीक्षेच्या वेळी मॅडम म्हणाल्या, डॉक्टरांचा दाखला दिलात तर जादा वेळ मिळतो. सरांनी दाखला दिला. "वेळ घेतो," ते म्हणाले. "तेवढा लागतोच मला." सगळी पोरं उठून गेल्यावरही ते एका बोटानं टाईप करत होते, आणि बाहेरून आलेले परीक्षक खिडकीपाशी शांतपणे उभे होते.

ते पास झाले. पहिल्या वर्गात नाही, पण कुणी ढकलून नव्हे.

काम असं काही मिळालं नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही. हात सुधारला नाही. एका गोळीच्या दोन झाल्या. बायडाबाईनं विचारलं, "आता तरी घरी बसनार का?"

"पुढचा डिप्लोमा हाय एक वर्षाचा," सर म्हणाले. "डोकं चालतंय तवर जातो."

कॉलेज उघडलं त्या दिवशी शर्टाची बटणं त्यांना लागेनात. बायडाबाईनं हातातलं लाटणं ठेवलं, पिठाचे हात पदराला पुसले आणि गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावून दिली. मग ती त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेली, नगरची गाडी लागेपर्यंत थांबली आणि ते आत बसलेले दिसल्यावर परत फिरली.